रवांडा 1994: दोन सिनेमे, आधी कुठला?

रवांडातल्या बहुसंख्य हुतू समाजातल्या कट्टरांनी अल्पसंख्य तुत्सींची कत्तल केली, शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्यावरचे हे दोन सिनेमे. ‘हॉटेल रवांडा’ (2004) बहुतेकांनी पाहिलेला असतो. राजधानी किगालीतल्या हॉटेलचा मॅनेजर पॉल व्हिस्की, सिगार, पैसे चारून सेनाधिकाऱ्यांना थोपवतो आणि हजाराहून जास्त लोकांना आसरा देतो. पॉलच्या भूमिकेत डॉन चीडल अफलातून! पण हत्याकांड बरंचसं कॅमेऱ्याबाहेरच राहतं. शिवाय, खरा पॉल इतका थोर नव्हता असं तिथे आश्रय घेतलेल्या काहींचं म्हणणं आहे.

दिग्दर्शक राउल पेकचा ‘समटाइम्स इन एप्रिल’ (2005) प्रत्यक्ष रवांडात चित्रित झालाय. नायक हुतू लष्करी अधिकारी, बायको तुत्सी, आणि सख्खा भाऊ रेडिओवरून विष पेरणारा. इथे कुणी तारणहार नाही. शाळेतल्या मुलींना ‘हुतू-तुत्सी वेगळ्या व्हा’ म्हणतात, त्या एकमेकींना सोडत नाहीत. तो प्रसंग पाहून मी सिनेमा थांबवला होता. पुढे टांझानियातल्या अरुशा शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेला हत्याकांडाचा खटलाही येतो. ‘हॉटेल’ तिथवर जातच नाही.

घरच्यांसोबत पाहायचा तर ‘हॉटेल’. माझं मत मात्र पेकला. फक्त रात्री उशिरा लावू नका.