इंजिन लावून बुद्धिबळ बघणं: तेरा महिने वापरून झाल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 'इंजिन' म्हटलं की माणसाला अजून ऑइल इंजिनच आठवतं. २०२४च्या नोव्हेंबरात भाचा मोबाइल घेऊन वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, "मामा, हे स्टॉकफिश. जगातलं सगळ्यात तगडं इंजिन हाय." लेथवर उभे असलेले आप्पा मागं न वळताच म्हणाले, "किती एचपीचं?"

हे इंजिन म्हणजे बुद्धिबळाच्या डावाचा हिशोब करून कुणाचं बरं चाललंय आणि पुढची चांगली चाल कुठली ते सांगणारा प्रोग्राम. त्याला तेरा महिने झाले. सिंगापूरची गुकेश-डिंग जगज्जेतेपदाची लढत, नॉर्वेची स्पर्धा, जॉर्जियातल्या बाटुमीचा महिलांचा वर्ल्ड कप, आणि २०२५च्या नोव्हेंबरात गोव्यात झालेला वर्ल्ड कप, हे सगळं मी इंजिन लावून बघितलं. पुढं पुढं बंद करूनही बघितलं. लिहायचं आहे ते मुख्यतः त्या बंद करण्याबद्दल.

आधी सामान सांगतो. माझ्याकडं एक मधल्या किमतीचा मोबाइल आणि बिलं काढायचा जुना लॅपटॉप आहे. दोन्हीवर लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट चालते. ती फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मोठ्या स्पर्धांचे डाव चाल पडेल तसे दिसतात. स्टॉकफिशही फुकट, त्याचा सगळा कोड उघडा आहे. पूर्वी माणसांनी लिहून दिलेल्या नियमांवर ते डावाला मार्क द्यायचं. २०२० साली १२व्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेलं गणित, आलं, आणि ती कल्पना मूळची शोगी या जपानी खेळातली. ब्राउझरमध्ये पूर्ण ताकदीचं इंजिन हवं असेल तर मी लावलं तेव्हा जवळपास ऐंशी एमबी एकदा उतरवून घ्यावे लागायचे. मग सगळा हिशोब तुमच्याच मशिनवर होतो, म्हणजे मोबाइल तव्यासारखा तापतो. माझा दोन तासांत शंभरवरून तिसावर येतो. लॅपटॉपचा पंखा असा ओरडतो की आप्पांनी एकदा विचारलं, "बेअरिंग गेलं काय त्याचं?"

पटाच्या बाजूला एक उभी पट्टी असते. पांढऱ्याचं बरं चाललं असेल तर पांढरा भाग वर चढतो, काळ्याचं बरं असेल तर काळा. सोबत आकडा: +०.३, -१.८ असा. पहिले काही आठवडे मी फक्त ती पट्टी बघायचो. डाव बघतोय असं वाटायचं, पण बघत होतो थर्मामीटर.

त्या वेळची माझी भाषा आठवली की लाज वाटते. डिंग लिरेनसारखा माणूस वीस मिनिटं डोकं धरून बसायचा, एक चाल करायचा, पट्टी जराशी हलायची, आणि मी इथं चहा ढवळत म्हणायचो, "हॅट! एवढं पण दिसंना ह्याला?" मला स्वतःला दिसत नव्हतंच. मला आकडा दिसत होता. खासबागेत कुस्तीच्या मैदानात गॅलरीतून "एकेरी पट काढ, एकेरी पट!" म्हणून ओरडणारे असतात ना, तसलाच मी. फरक इतकाच, की त्यातल्या निम्म्यांनी तरी कधीतरी अंगाला माती लावलेली असते.

हे मला कळलं १२ डिसेंबर २०२४ला. गुरुवार होता, काम चालू होतं. सिंगापूरमध्ये चौदावा आणि शेवटचा डाव, गुण ६.५-६.५. गुकेश काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. पटावर दोघांकडं एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी, गुकेशचं एक प्यादं जास्त. आकडा बराच वेळ शून्याला चिकटलेला. सगळे धरून चालले होते की डाव बरोबरीत सुटणार आणि दुसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचे जलद डाव, होणार. मीही मोबाइल टेबलावर उभा ठेवून एका शाफ्टचं माप घेत होतो.

५५वी चाल. डिंगनं हत्ती एफ२ या घरावर ठेवला. मी मान वर केली तर पट्टी खालून वरपर्यंत काळी. मी ओरडलो, "आप्पा, गुकेश जिंकला!"

आप्पा हात पुसत आले. चश्मा कपाळावरून खाली ओढला, पट बघितला. "कसा?"

"इंजिन सांगतंय की."

"ते सांगू दे. तू सांग, कसा?"

आणि मला सांगता येईना. जगातल्या सगळ्यात मोठ्या लढतीचा निकाल मला दोन सेकंदांत कळला होता आणि कारण काडीचं कळलं नव्हतं. आप्पांनी कपाटातला लाकडी पट काढला. मोहरी मांडली. हत्तीनं हत्ती घेतला, राजानं परत घेतला. आता काळ्यानं काय करायचं? आप्पा हनुवटी खाजवत बसले. मी मोबाइलकडं हात नेला तर त्यांनी हातावर चापट मारली. (वय वर्षं ६८, माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं. चापट मारायचा हक्क आहे त्यांना.) चार-पाच मिनिटांनी त्यांनी काळा उंट डी५ वर ठेवला आणि गप्प राहिले. पांढरा उंट होता ए८ला, पार कोपऱ्यात. कोपऱ्यातून निघायला एकच वाट, आणि त्या वाटेवर समोर काळा उंट उभा. मागं सरकायला जागा नाही. म्हणजे मारामारी होणारच, उंट पटावरून जाणार, आणि मग उरणार राजे आणि प्यादी. काळा राजा मधोमध, वर एक प्यादं जास्त. संपलं.

"दाराच्या मागं लपला आन् दारातच गावला," आप्पा म्हणाले.

इंजिननं मला निकाल दिला होता, पण मजा आली ती त्या पाच मिनिटांत. त्या दिवशी शाफ्टचं माप चुकलं, ते वेगळं.

मायक्रोमीटर सांगतो की जॉब २४.९८ भरला. का भरला, टूल झिजलं की माणूस झोपेत होता, हे मायक्रोमीटर सांगत नाही. आणि ते त्याचं कामही नव्हे. इंजिनचा आकडा मी आता तसा वाचतो. त्यात काही गोष्टी ठोकर खाऊन शिकलो, त्या नव्या माणसाच्या उपयोगी पडतील.

+१ म्हणजे एका प्याद्याचं पारडं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. स्टॉकफिशमध्ये १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२च्या अखेरीपासून, तसं राहिलेलं नाही. आता +१ चा अर्थ असा, की इथून पुढं दोन्ही बाजूंनी इंजिनच खेळलं तर पांढरा जिंकण्याची शक्यता निम्मी. दोन्ही बाजूंनी इंजिन! खुर्चीत बसलेल्या माणसाचं घड्याळ, त्याची झोप, कालची हार, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

दुसरं म्हणजे खोली. आकड्याशेजारी इंजिननं किती पुढं बघितलंय ते लिहिलेलं असतं. चाल पडल्या पडल्या जो आकडा येतो तो उथळ असतो, अर्ध्या-एक मिनिटात बदलतो, कधी उलटाही होतो. निदान पंचविशीच्या पुढं जाऊ द्या, मग तोंड उघडा.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात कामाची. सेटिंगमध्ये जाऊन एका ओळीऐवजी तीन ओळी दाखवायला सांगा, म्हणजे पहिल्या तीन चांगल्या चाली आणि प्रत्येकीचा आकडा दिसतो. तिन्ही ओळींत ०.० असेल तर डाव खरोखर निवांत आहे, खेळाडूनं काहीही केलं तरी चालतंय. पण पहिली ओळ ०.० आणि दुसरी -४ असेल, तर तो माणूस दोरीवरून चाललाय. पट्टी दोन्ही वेळा सारखीच, अर्धी पांढरी अर्धी काळी. नुसती पट्टी बघणाऱ्याला वाटतं डाव कंटाळवाणा आहे, आणि तिकडं एकाचा घाम निघत असतो. हे मला कुणी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर डिंगला मी एवढं बोललो नसतो.

लॅपटॉपवर असाल तर 'एक्स' हे बटण दाबून बघा. समोरच्याचा डाव काय आहे, म्हणजे आपण काहीच केलं नाही तर तो काय करेल, हे बाणानं दाखवतं. आप्पांना इंजिनमधलं एवढं एकच आवडतं. "हे बरं हाय. चोर कुठनं येणार ते दावतंय, चोर धरून देत न्हाई."

आता नॉर्वेची रात्र. १ जून २०२५, रविवार. गुकेश विरुद्ध माजी जगज्जेता कार्लसन, गुकेशकडं पांढरी मोहरी. डाव आपल्याकडं रात्री साडेआठनंतरचा. मधल्या खेळापासूनच कार्लसननं पकड घेतली, पट्टी काळी होत गेली. साडेअकराच्या सुमारास मी बघितलं, म्हटलं गेला आपला पोरगा, आणि लॅपटॉप बंद करून झोपलो.

सोमवारी सकाळी सहाला आप्पांचा फोन. "बघितलास न्हवं? मूठ हाणली की त्यानं टेबलावर!"

आप्पांना रात्री झोप नसते. त्यांच्या मोबाइलवर मीच ती पट्टी बंद करून दिली होती, कारण ती डोळ्यात येते अशी त्यांची तक्रार होती. त्यामुळं गुकेश हरतोय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना दिसत होतं ते इतकंच, की गुकेशची बाजू अवघड आहे, पण तो दर चालीला काहीतरी अडचण उभी करतोय, आणि दोघांचीही घड्याळं संपत आलीत. मग कार्लसनचा घोडा चुकला, पारडं फिरलं, आणि क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात गुकेशनं त्याला पहिल्यांदा हरवलं. वर्षातला सगळ्यात भारी डाव, आणि मी घोरत होतो. मला इंजिननं झोपवलं होतं.

त्यानंतर आम्ही वही काढली. वही म्हणजे जुन्या जॉब कार्डांच्या कोऱ्या पाठी, क्लिपला लावलेल्या. पद्धत साधी. इंजिन बंद. डाव साधारण विसाव्या चालीला आला की दोघांनी आपापल्या कार्डावर लिहायचं: कोण वरचढ, का, आणि पुढची चाल कुठली. मग इंजिन दोन मिनिटं चालू करायचं, तीन ओळी बघायच्या, परत बंद. तिसाव्या चालीला पुन्हा. चाल मला चारात एकदा जुळते, आप्पांची त्याहून थोडी जास्त. आप्पा देशी बुद्धिबळावर वाढलेले. राजाला एकदा घोड्याची उडी, प्यादं एकेकच घर पुढं, अशा नियमांचं. त्यामुळं ओपनिंगमध्ये ते हमखास चुकतात, पण मोहरी कमी झाली की ते कुणाला आवरत नाहीत. 'का' या रकान्यात त्यांची उत्तरं इंजिनला कधी कळणार नाहीत: "घोडा उपाशी हाय." "हत्तीला हवा लागंना."

रॅपिडमध्ये, म्हणजे जलद डावांत, मात्र वही चालत नाही. २८ जुलैला बाटुमीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपीचा टायब्रेक होता. पहिला श्रावणी सोमवार, वर्कशॉपला सुट्टी, घरात साबुदाणा भिजत होता. एका बाजूला नागपूरची एकोणीस वर्षांची पोरगी, दुसऱ्या बाजूला तिच्या दुप्पट वयाची हंपी. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडं काळी मोहरी, आणि शेवटाकडं चाली इतक्या भराभर पडत होत्या की लिहायला गेलो असतो तर निकाल लागून गेला असता. तेव्हा मी पट्टी लावली आणि अजिबात पश्चात्ताप नाही. ती वर-खाली होत होती आणि आमच्या मंडळी, ज्यांना उंट कसा चालतो हेही ठाऊक नाही, खिचडीचा डाव हातात घेऊन विचारत होत्या, "आता आपली कुठली बाजू?" घरच्यांना सोबत घ्यायचं तर पट्टीसारखी वस्तू नाही. दिव्या जिंकली, त्या एका स्पर्धेनं थेट ग्रँडमास्टर झाली, आणि खिचडी खाली लागली.

तक्रारी थोड्या आहेत. एका पैसेवाल्या ॲपचा महिनाभर फुकट नमुना घेतला होता. गेम संपला की ते 'शाब्बास' म्हणायचं आणि चुका रंगीत करून दाखवायचं. बंद करायला विसरलो, वर्षाचे पैसे कापले गेले, तीन मेल केले, तिन्हींना एकच साच्यातलं उत्तर आलं. नाव घेत नाही. एवढंच सांगतो, की फुकटात मिळतंय त्याहून वेगळं असं त्यात मला काही सापडलं नाही.

काही स्पर्धा फसवणूक टाळायला चाली पंधरा मिनिटं उशिरानं सोडतात. तेव्हा ग्रुपवर कुणी निकाल टाकला तर चिडू नका. आणि इंजिन क्वचित फसतंही. एका बाजूनं पक्की तटबंदी केली की इंजिन +२ सांगत बसतं, पण आत शिरायला वाट नसते. पन्हाळ्याला वेढा घालून बसल्यागत. पटावर राजे धरून सातच मोहरी उरली की मात्र अंदाज संपतो. तिथं लिचेस टेबलबेस वापरतं, सगळ्या शक्यता आधीच सोडवून ठेवलेल्या. तिथं आलेलं उत्तर म्हणजे सातबारा.

यानं माझा स्वतःचा खेळ सुधारला का? ऑक्टोबरात रविवारच्या एकदिवसीय स्पर्धेत उतरलो. तिसऱ्या फेरीत मोहरी अशी छान लागली होती की आत्ता इंजिन असतं तर +२ म्हणालं असतं, असा विचार मी खुर्चीत बसून करत होतो. समोरच्या पाचवीतल्या पोरानं तेवढ्यात माझा वजीर उचलला.

गोव्याला प्रत्यक्ष जायचं ठरवलं होतं, घाट उतरलं की आलंच. ऐन वेळी एका पार्टीची डिलिव्हरी आडवी आली. गुकेश तिसऱ्या फेरीतच गेला, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत वेई यीकडून हरला, आणि कप नेला उझबेकिस्तानच्या सिंदारोवनं. दिव्यानं २०२६च्या महिलांच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेतीला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळवली. आप्पांनी त्यासाठी कोऱ्या जॉब कार्डांचा नवा गठ्ठा बाजूला काढून त्यावर दोन रबरबँड चढवलेत, आणि मी एका पार्टीचा हिशोब लिहायला त्यातलं एक कार्ड ओढलं तर परत चापट बसली.