रिहॅब सेंटरमधली सायकॉलॉजिस्टची सर्व्हिस: साडेतीन स्टार, अर्धा कापलाय तो ऑफिसमुळे

मामाचा उजवा पाय शुगरमुळे गुडघ्याखालून काढावा लागला, त्यानंतर पुण्यातल्या एका प्रायव्हेट रिहॅब सेंटरला जात होतो. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत. फिजिओ, मशिनं, नकली पाय यावर रिव्ह्यू ढिगाने सापडतात, तिथल्या रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्टवर (म्हणजे अवयव गेल्यावर माणसाला आणि घरच्यांना मनाने सावरायला मदत करणारी) कोणी लिहीत नाही आणि आमचं खरं काम तर तिनेच केलं, म्हणून हा प्रपंच.

मामाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखायचा. रात्री दोनला उठून बसायचा. ऑपरेशन झालं तिथे सांगितलं, मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष करा. इथल्या मॅडमनी पहिल्यांदा नीट सांगितलं की काका, पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा लगेच जात नाही, ही वेदना खरी आहे. मग साधा आरसा दोन पायांच्या मधे उभा केला, डावा पाय आरशात दिसेल असा, आणि डावा पाय हळूहळू हलवायला लावला. आरशात बघताना उजवाच हलतोय असं वाटतं. ही आयडिया मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आणली, आणि सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं, ते मला आवडलं. मामाला पडला. पूर्ण गेलं नाही दुखणं पण झोप लागायला लागली. घरी आम्ही कपाटाचा जुना आरसा वापरतो, खर्च शून्य.

दुसरं काम मामीवर. मामी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यायची, इन्सुलिन ती टोचणार, फोन आला तर "त्यांना बरं नाहीये" म्हणून ती बोलणार. मार्केट यार्डात गाळा चालवणारा माणूस, त्याला घरात कोणी भाजीचा भावसुद्धा विचारेना. मॅडम म्हणाल्या पाय गेलाय, हिशेब नाही गेला, उद्यापासून इन्सुलिन काका स्वतः घेतील आणि गाळ्याचे फोन पण तेच घेतील. मामी चिडली, "तुमचं काय जातंय बोलायला". पण दोन आठवड्यांनी मामा फोनवर कोणाला तरी कांद्यावरून झापत होता आणि मामी आतून ऐकत हसत होती.

मग मी थोडं वाचलं. हे रिहॅब सायकॉलॉजीचं शास्त्र वाढलं दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांमुळे. आपल्या पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ चं, म्हणजे हातपाय बसवायची सोय तेव्हाच सुरू झाली, मनाकडे लक्ष जायला वेळ लागला. अमेरिकेत रॉजर बार्कर, तमारा डेंबो, बिअ‍ॅट्रिस राइट या लोकांनी मांडलं की अडचण फक्त शरीरात नसते, आजूबाजूची माणसं आणि जागा पण ती बनवतात, आणि एक अवयव गेला की लोक सगळा माणूसच निकामी धरतात. मामीचं अगदी हेच चाललं होतं. तिकडे १९५८ ला सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेत या विषयाचा वेगळा विभाग झाला. आपल्याकडे मुंबईला हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पण या प्रोफेशनल लोकांच्या नोंदणीचा कायदा, आरसीआयचा (म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा), आला थेट १९९२ ला. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! इथल्या एका सेशनची फी त्याच्यापेक्षा जास्त आहे.

आता तक्रारी. पॅकेज विकताना "सायकॉलॉजी इन्क्लुडेड" म्हणाले, त्यात निघालं एकच सेशन, बाकीचं बिल वेगळं. रिसेप्शनवाली याला "मोटिव्हेशन क्लास" म्हणते, त्यामुळे मामा पहिल्या दिवशी जायलाच तयार नव्हता, म्हणे मला भाषण नको. खोली जिमच्या शेजारी, रडू आलं तर ट्रेडमिलवाल्यांना ऐकू जाणार. प्रश्नावली मराठीत होती पण असली मराठी की मामाने मलाच विचारलं हे काय विचारतायत. आणि डिस्चार्जनंतर फॉलोअपचा एक फोन नाही, आम्हीच मागे लागून ऑनलाइन वेळ घेतली. वेळ दोनदा बदलली, ती पण ऑफिसने, मॅडमना माहीतच नव्हतं.

जाणार असाल तर सायकॉलॉजिस्टचा आरसीआय नंबर मागा, लाजू नका, आमच्या मॅडमनी न मागता दाखवला होता. नुसता काउन्सेलिंगचा छोटा कोर्स केलेला कोणी बसवला असेल तर पैसे फुकट जातील. घरातलं जे माणूस सगळं हातात आणून देतं त्याला सोबत न्याच. बिल मात्र सेशनवार वेगळं करून घ्या, आमचं सगळं एकत्र लिहिलं होतं आणि मेडिक्लेमवाल्यांनी अख्खा कागद परत पाठवला, अजून त्यांच्याशी भांडण चालूच आहे.