पोट मऊ, तरी आई तळमळत होती: आतड्याचा रक्तपुरवठा अडकलेला वेळेत ओळखला (इमर्जन्सी आणि व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांचा विभाग, साडेचार स्टार)

आईचं वय ७२, हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे ते एएफ म्हणतात ते, बरीच वर्षं आहे. रात्री एकदम बेंबीभोवती कळ आली, एक उलटी झाली, दोनदा संडासला जाऊन आली आणि मग नुसतं तळमळणं. आधी जिथे नेलं तिथे पोट दाबून बघितलं, मऊ आहे म्हणाले, गॅसचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी सोनोग्राफी करू म्हणून सांगितलं. दुखणं तसूभरही कमी झालं नाही म्हणून तिथून उठून सरळ इथे आणलं.

इथल्या इमर्जन्सीतल्या रेसिडेंट मॅडमना माझे पाचच्या पाच स्टार. त्यांनी एका हाताने पोट दाबलं पण नजर आईच्या चेहऱ्यावर होती. पोट मऊ आहे म्हणजे काही नाही असं त्यांनी धरलं नाही, उलट पोट मऊ असून एवढं दुखतंय हेच त्यांना खटकलं. लगेच विचारलं, "आजी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?" ती दात काढायच्या वेळी बंद केली होती आणि परत चालू झालीच नव्हती. हे ऐकल्याबरोबर त्यांनी सीनियरना फोन लावला आणि सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, सांगितली.

ब्लड गॅस ही रक्ततपासणी केली, त्यात लॅक्टेट, म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडलं की वाढतं ते, जवळपास नॉर्मल आलं. मला वाटलं चला, सुटलो. पण सीनियर म्हणाले की सुरुवातीला ते नॉर्मल येऊ शकतं, त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. सीटीवाल्यांनी आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला, डाय द्यायचा तर किडनी बघायला हवी म्हणून. तेव्हा सीनियर स्वतः खाली आले आणि म्हणाले, किडनीचं नंतर सांभाळू, आतडं गेलं तर काय सांभाळणार. तोंडावाटे डाय पाजत बसायची वाट पण बघितली नाही, नुसता शिरेतून दिला. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागला, कारण रक्त पूर्ण अडलं की काही तासांत आतडं मरायला लागतं, सहा तासांच्या आसपास कायमचं नुकसान होऊ शकतं असं त्यांनीच सांगितलं.

स्क्रीनवर त्यांनी मला दाखवलं. महाधमनीतून खाली एक जाड पांढरी रेघ निघते, ती सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, जवळजवळ अख्खं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग तिच्यावर चालतो. ती रेघ थोडं अंतर जाऊन तुटल्यासारखी संपत होती, पुढे काळं. हृदयात झालेली गुठळी तिथे जाऊन अडकली होती.

मग वेळ घालवला नाही. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन), सलाईन, अँटिबायोटिक, तोंडाने काही नाही, नाकातून नळी. कधी कधी जांघेतून कॅथेटर घालून गुठळी ओढून काढतात, पण आतड्याचा एक भाग खराब झाल्याची शंका सीटीतच होती म्हणून पोट उघडायचं ठरलं. व्हॅस्क्युलर सर्जन आणि पोटाचे सर्जन दोघं एकाच वेळी ओटीत. गुठळी काढली, रक्त परत सुरू झालं, साधारण दीड-दोन फूट लहान आतडं काढावं लागलं. काही भाग मरतो का जगतो ते कळेना म्हणून तो तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत पोट उघडून बघितलं, याला सेकंड लूक म्हणतात. दुसरं ऑपरेशन म्हटल्यावर आमचे हातपाय गळाले पण सर्जननी ते पहिल्याच वेळी सांगून ठेवलं होतं, की आत्ता घाईत जास्त कापलं तर पुढे अन्न अंगी लागायला आतडंच उरत नाही. तो भाग गुलाबी झाला होता आणि हलत होता, वाचला.

आता अर्धा स्टार का कापला ते. आयसीयूबाहेर नातेवाईकांना दिवसातून एकदाच माहिती देतात आणि ती पण घाईघाईत. डिस्चार्ज पेपरवर सगळं आहे पण समजावून कोणी सांगत नाही. जुलाब काही आठवडे होऊ शकतात, आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर बी-१२ कमी पडतं, रक्त पातळ करायची गोळी आता विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायची नाही, हे सगळं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. विशेषतः गोळीचं तर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं हो!

ओपीडीत एक काका भेटले, त्यांचा प्रकार वेगळा. जेवलं की अर्ध्या तासात पोट दुखायचं, तास-दोन तास राहायचं, त्या भीतीने खाणंच कमी केलं आणि वजन उतरत गेलं. सिगरेट बरीच वर्षं. एंडोस्कोपी नॉर्मल, साधी सोनोग्राफी नॉर्मल, घरचे म्हणायचे मनाचं आहे. इथे रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केला, मग सीटी अँजिओ, आतड्याच्या तीनपैकी दोन रक्तवाहिन्या चरबी साचून अरुंद झालेल्या. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, टाकल्यावर आता पोटभर जेवतात म्हणाले. हा हळूहळू वाढणारा प्रकार, पण वेळेत बघितला नाही तर तो पण एक दिवस आईसारखा अचानक बंद पडू शकतो असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय.

फॉलोअपला व्हॅस्क्युलरच्या ओपीडीत गर्दी असते पण डॉक्टर जुनी सीटी स्वतः उघडून बघतात, नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही, त्यामुळे जाताना सीडी बरोबर न्या आणि चालू गोळ्यांची यादी पण.