सीएस५० आणि आणखी एक कोर्स : बरेच महिने वापरल्यानंतर

ऑनलाइन कोर्स निवडताना आपण अभ्यासक्रम बघतो, प्रमाणपत्र बघतो, किती तासांचा आहे ते बघतो. तो चालवणारं कोण आहे आणि त्या माणसाला त्याची किती आस्था आहे, हे फारसं कुणी बघत नाही. हार्वर्डचा सीएस५० आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका ठिकाणी पैसे भरून घेतलेला प्रोग्रॅमिंगचा कोर्स, असे दोन्ही बरेच महिने वापरल्यावर मला वाटतं, आधी तेच बघायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स आहे. डेव्हिड मॅलन २००७ पासून तो शिकवताहेत आणि २०१२ पासून तो एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर जगभरासाठी खुला आहे. सुरुवात स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या भाषेने, मग सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, माहितीसाठ्यासाठीची एसक्यूएल, वेब आणि शेवटी स्वतःचा प्रकल्प. एडएक्सचं प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे लागतात, शिकायला लागत नाहीत.

मॅलन यांचा टेलिफोन डिरेक्टरीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. हजार पानांचं जाडजूड पुस्तक हातात घ्यायचं, बरोबर मध्ये उघडायचं, हवं ते नाव कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं आणि उरलेला अर्धा भाग सरळ फाडून टाकायचा. मग पुन्हा तेच. एकेक पान उलटत गेलात तर हजार पानं बघावी लागू शकतात. अर्धं अर्धं टाकत गेलात तर साधारण दहा पावलांत काम होतं. ‘बायनरी सर्च’ हे नाव ऐकायच्या आधीच ती कल्पना आपल्याला कळलेली असते. रंगमंचावर सतत फिरणारा, विद्यार्थ्यांना वर बोलावून त्यांच्या हातून गोष्टी करून घेणारा हा माणूस आपल्या विषयात इतका रमलेला आहे की कंटाळा यायला जागाच उरत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. फिलिप ग्वो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्सच्या चार कोर्समधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. जरा वेगाने आणि उत्साहाने बोलणाऱ्या शिक्षकांचे व्हिडिओ लोक जास्त वेळ बघतात, असं त्यात दिसलं. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वाधिक बघितले जातात, हेही त्यातच दिसलं. मॅलन यांची व्याख्यानं मात्र दोन-दोन तासांची असतात. खरं सांगायचं तर ती लांबतात. मी प्रत्येक व्याख्यान तुकड्या-तुकड्यांत पाहिलं आणि अडलेल्या भागासाठी डग लॉइड यांचे एकेका विषयावरचे छोटे व्हिडिओ वापरले. ते अजिबात चुकवू नका.

पण नुसत्या बोलण्यातल्या उत्साहावर जाऊ नये, हे मला दुसऱ्या कोर्सने शिकवलं. तिथले शिक्षकही फार छान बोलायचे. कोर्सची ओळख करून देणारा व्हिडिओ पाहून मी लगेच नाव नोंदवलं. पुढे एका चाचणीत बरोबर उत्तराला चूक ठरवलं जात होतं. खाली कितीतरी जणांनी ते लिहून ठेवलं होतं, काहींनी पुराव्यासकट. उत्तर कुणाचंच नाही. एका धड्यातला कोड नव्या आवृत्तीत चालतच नव्हता. त्यावरचा उपाय शेवटी एका विद्यार्थ्यानेच शोधून सगळ्यांसाठी लिहिला. व्हिडिओ चित्रित झाले, विक्रीला लागले, आणि त्यानंतर तिकडे कुणी फिरकलंच नाही. शिकणाऱ्याच्या हे फार जिव्हारी लागतं. आपण रात्री जागून एखाद्या प्रश्नाशी झटतो आणि पलीकडे कुणीच नाही हे लक्षात येतं, तेव्हा कोर्स सुटतो. माझ्याबरोबर सुरू केलेले बरेच जण तिथेच थांबले.

सीएस५० मध्ये आस्था कुठे दिसते, तर अशा बिनबोभाट कामांत. जवळपास दरवर्षी नवी आवृत्ती येते. वर्षअखेरीपर्यंत काम संपलं नाही तर झालेलं काम पुढच्या वर्षात चालू ठेवता येतं. नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांना हा केवढा आधार आहे, ते त्यांनाच कळेल. प्रत्येक उत्तर ‘चेक५०’ या साधनाने लगेच तपासलं जातं: बरोबर मुद्द्यापुढे हिरवा हसरा चेहरा, चुकलेल्यापुढे लाल रडवा, आणि शिवाय काय अपेक्षित होतं नि तुमच्या प्रोग्रॅमने काय दिलं तेही.

‘रिकव्हर’ नावाचं एक गृहपाठाचं उदाहरण सांगते. एका मेमरी कार्डवरचे पुसले गेलेले फोटो परत मिळवणारा प्रोग्रॅम सी मध्ये लिहायचा. फाइल ५१२ बाइट्सच्या तुकड्यांत वाचायची, प्रत्येक तुकड्याचे पहिले चार बाइट तपासायचे, त्यावरून नवा जेपेग फोटो कुठे सुरू होतो ते ओळखायचं. पॉइंटर (म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि मेमरीचा तो आठवडा आख्ख्या कोर्समधला सगळ्यात अवघड. प्रोग्रॅम एकदाचा नीट चालला आणि फोल्डरमध्ये ०००.जेपीजीपासून ०४९.जेपीजीपर्यंत पन्नास फोटो उमटले, तेव्हा मी एकेक उघडून बघत बसले. शिकणाऱ्याला हा आनंद नेमका कोणत्या वळणावर मिळायला हवा, याचा कुणीतरी बसून विचार केलेला आहे.

२०२३ मध्ये त्यांनी स्वतःचा एआय मदतनीस आणला, बदकाच्या रूपातला. तो तयार उत्तर देण्याऐवजी तुम्हालाच प्रश्न विचारत उत्तराकडे नेतो. बाहेरचे चॅटबॉट गृहपाठासाठी वापरायला मनाई आहे. मनाई करून थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण शिकणाऱ्याची गरज ओळखून त्यांनी पर्यायही बांधून दिला. नेतृत्व म्हणतात ते मला इथे दिसलं.

ध्यास असूनही गणित चुकू शकतं. सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या २०११ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, त्यातूनच पुढे उडॅसिटी ही ऑनलाइन कोर्सची कंपनी उभी राहिली. पण २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबरचा उडॅसिटीचा प्रयोग उत्तीर्णांचं प्रमाण फार कमी राहिल्याने थांबवावा लागला. लाखो लोकांपर्यंत पोचायची जिद्द वेगळी, आणि त्यातल्या अडखळणाऱ्या एकाला धरून ठेवायची वेगळी. मला दुसरी जास्त मोलाची वाटते.

सीएस५० च्या तक्रारीही आहेत. स्क्रॅचवरून सी वर येताना एकदम चढण लागते. अगदी नवख्या माणसाला मधला एखादा आठवडा वाढवून मिळायला हवा. व्याख्यानांचा वेग जास्त आहे, सबटायटल लावूनच बघा.

एकाच माणसावर उभ्या असलेल्या कोर्सचं तो माणूस गेल्यावर, किंवा कोर्स जिथे आहे ते संकेतस्थळच विकलं गेल्यावर, काय होईल, ही भीतीही मला होती. २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरला टू-यू या कंपनीकडे गेलं, तरी सीएस५० चं साहित्य त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आहेच, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली. तिथून सीएस५० चं स्वतःचं प्रमाणपत्रही विनामूल्य मिळतं. राहिला माणसाचा प्रश्न. सध्या मी सीएस५० चाच कृत्रिम बुद्धिमत्तेचा पुढचा कोर्स सुरू केला आहे. तिथे व्याख्यानं ब्रायन यू देतात. आवाज शांत, फेऱ्या मारणं नाही, फाडाफाडी नाही. पण पहिल्याच प्रकल्पात दोन अभिनेते कोणकोणत्या चित्रपटांतून एकमेकांशी जोडले गेलेत ते शोधायचं आहे, आणि सुरुवातीचा कोड, छोटा नमुना-डेटा, सूचना, सगळं तितक्याच काळजीने मांडून ठेवलेलं आहे.