आधी स्वयंचलन की आधी प्रक्रियेची तपासणी?

परवाना विभाग सांभाळणाऱ्या एका स्नेह्यांपुढे पेच आहे: हाती असलेला निधी अर्जांची नोंद आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअर रोबोटवर खर्च करावा, की अर्ज नेमका कुठे अडतो याचा आधी अभ्यास करावा?

आरंभी रोबोट स्वस्त भासतो, कारण जुनी प्रणाली न बदलता तो माणसाप्रमाणेच पडद्यावरील रकाने भरतो; मात्र पडद्याची मांडणी बदलली की तो अडखळतो आणि देखभालीचा खर्च सुरूच राहतो. अभ्यासाला मुख्यतः माणसांचा वेळ लागतो.

टिकाऊपणाचा मुद्दा मला अधिक निर्णायक वाटतो. अर्ज क्रमांक, टप्पा आणि वेळ या ३ नोंदी प्रणालीत असतील, तर प्रोसेस मायनिंगने, म्हणजे या नोंदींच्या विश्लेषणातून, नस्तीचा (फायलीचा) प्रत्यक्ष प्रवास काढता येतो, आणि बरेचदा असे दिसते की कामाला मिनिटे लागतात, पण नस्ती दिवसेंदिवस टेबलावर पडून असते. रोबोट ती मिनिटे वाचवतो, दिवस नव्हे. निरर्थक काम यंत्राकडे सोपवण्याऐवजी काढूनच टाका, असे व्यवस्थापनतज्ज्ञ मायकल हॅमर यांनी १९९० मध्येच बजावले होते.

श्रम मात्र अभ्यासात जास्त, कारण एखादी स्वाक्षरी वगळणे म्हणजे कोणाचा तरी अधिकार कमी करणे (आणि ते कधीच केवळ तांत्रिक नसते), शिवाय नियमातही दुरुस्ती लागू शकते.

नियम स्पष्ट, अर्ज एकसारखे आणि ढीग केवळ टंकनामुळे साचलेला असेल, तर रोबोट घ्यावा. अर्ज वारंवार परत येत असतील किंवा विलंबाचे कारणच ठाऊक नसेल, तर अभ्यास आधी. माझ्या स्नेह्यांचा विभाग या दुसऱ्या गटात मोडतो.