सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आणि शोरूम: साडेतीन स्टार, त्यातला अर्धा लिफ्टचा

रिव्ह्यू लांबलचक आहे, ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी टायटल वाचून पुढे जायला हरकत नाही. शोरूमचं नाव टाकत नाहीये, कारण हा एका शोरूमचा प्रश्नच नाहीये. जुन्या गाड्या विकणारे बहुतेक लोक इलेक्ट्रिक गाडीसुद्धा पेट्रोलच्या गाडीसारखीच विकतात, म्हणजे मॉडेल कुठल्या सालचं, किलोमीटर किती, ओनर कितवा, वरून पॉलिश मारून चकाचक, झालं. आणि या गाडीतली सगळ्यात महाग वस्तू सीटखाली पसरलेली असते, ती दिसतच नाही. त्यामुळे शोरूम बरं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, बॅटरीबद्दल विचारल्यावर समोरचा माणूस आकडा देतो की विशेषण.

इथे सुरुवातीला विशेषणंच मिळाली.

"मॅडम, बॅटरी एकदम ए-वन आहे."

ए-वन म्हणजे किती टक्के?

"नव्यासारखी आहे मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका."

सोबत भाऊ होता. सेल्समन प्रश्न माझा ऐकायचा आणि उत्तर त्याच्याकडे बघून द्यायचा, आणि भावाला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, तो आपला एसीच्या झोतात उभा राहून मान डोलवत होता. याचा पाव स्टार कापलाय.

मग गाडी चालू करून स्क्रीन दाखवली, 100 टक्के चार्ज आणि खाली रेंजचा मोठ्ठा आकडा. बघा मॅडम, फुल रेंज दाखवतेय. आता हा जो आकडा असतो तो बॅटरीची तब्येत नाही सांगत, आधीच्या माणसाने गाडी कशी हाकली त्यावरून मारलेला अंदाज असतो तो. कोणी दोन दिवस हळूहळू, एसी बंद ठेवून फिरवली की आकडा फुगतो, कोणी हायवेवर दामटली की आक्रसतो. आणि कंपनीच्या ब्रोशरमधल्या आकड्याशी तुलना करायची असेल तर तो कुठल्या टेस्टचा आहे ते बघा, जुन्या एनईडीसी टेस्टचे आकडे तर फारच आशावादी असायचे, नंतर आलेल्या डब्ल्यूएलटीपी टेस्टचे त्यातल्या त्यात जमिनीवर असतात पण तेही हायवेच्या स्पीडला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरं म्हणजे 100 टक्के चार्ज करून, उन्हात, कधीपासून उभी असेल कोण जाणे. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या बॅटरीला हेच सगळ्यात जास्त बाधतं, भरलेलं पोट आणि गरमी, मग गाडी चाललेली असो वा नसो. म्हणून "फक्त एवढेच किलोमीटर झालेत" हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका, कमी चाललेली पण सतत फुल चार्ज करून तापत उभी ठेवलेली गाडी ही जास्त चाललेल्या पण नीट वापरलेल्या गाडीपेक्षा खराब निघू शकते. मी सेल्समनला म्हटलं अहो ही निम्म्यावर आणून ठेवत जा, तर तो म्हणाला कस्टमरला कमी चार्ज दाखवला की वाईट वाटतं. प्रामाणिक उत्तर होतं, आवडलं मला.

फुल चार्जवर टेस्ट ड्राईव्ह देण्याचा अजून एक घोळ, ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर जनरेटरसारखी चालून जी वीज परत भरते, ते रीजन, ते भरलेल्या बॅटरीत धड होतच नाही कारण वीज ठेवायला जागाच नसते. मग तुम्हाला वाटणार रीजन बिघडलंय, किंवा खरंच बिघडलं असेल तर ते लपून जाणार. म्हणून मी थोडी लांबची राउंड मागितली. इथे मॅनेजरने खळखळ न करता हो म्हटलं त्याचे मार्क दिलेत.

या राउंडमध्ये काय करायचं ते सांगते कारण याला ना डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) लागतं ना मेकॅनिक. निघताना ट्रिप मीटर झिरो करा, चार्ज किती टक्के ते लिहून घ्या, परत आल्यावर किती किलोमीटर झाले, सरासरी वापर काय आणि चार्ज किती उतरला ते बघा. समजा 60 किलोमीटर झाले, वापर 100 किलोमीटरला 15 किलोवॉट-अवर, म्हणजे 15 युनिट, तर तुमची 9 युनिट गेली. चार्ज 80 वरून 55 वर आला असेल तर 25 टक्क्यांत 9 युनिट, म्हणजे अख्ख्या बॅटरीत 36. नवी असताना वापरता येण्यासारखी 40 असेल तर 90 टक्के शिल्लक. ढोबळ हिशोब आहे, काही गाड्या एसीचा वापर त्यात धरतात काही धरत नाहीत, आणि पाच-दहा किलोमीटरच्या चकरेत तर काहीच कळत नाही, पण 90 आणि 70 मधला फरक यात नक्की दिसतो. सेल्समन मागच्या सीटवरून वाकून माझ्या मोबाईलमधला कॅल्क्युलेटर बघत होता आणि नंतर म्हणाला मॅडम हे मला पण लिहून द्या.

खरा आकडा मात्र गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच असतो. त्याला एसओएच, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ म्हणतात, नवी असताना जेवढी वीज मावायची त्याच्या किती टक्के आता मावते ते. ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक आपलं तपासणीचं यंत्र जोडतात त्या सॉकेटला, डोंगल लावून ॲपमध्ये बऱ्याच गाड्यांचा दिसतो, कुठल्या गाडीला कुठलं ॲप ते आधी बघून जा. मी माझं डोंगल नेलं होतं. त्यावर त्यांचा जो चेहरा झाला! "बाहेरचं काही लावायला परमिशन नाही मॅडम." मी म्हटलं ठीक आहे, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा बॅटरी रिपोर्ट काढून द्या, लेखी, चेसिस नंबर टाकून. इथे गाडी अडली. आधी त्यांच्या स्वतःच्या चेकलिस्टचा कागद आणून दिला, त्यात बॅटरीपुढे हिरव्या टिकमार्कशिवाय काही नव्हतं, आणि वायपर, हॉर्न, ॲशट्रे यांच्याच रांगेत. मी उठलेच होते, तेवढ्यात मॅनेजर आले आणि रिपोर्ट मागवतो म्हणाले. मागवला पण, आणि त्यात 88 टक्के आले. एवढ्या वयाच्या गाडीला चांगला आहे. म्हणजे गाडी चांगली होती हो, यांनाच माहीत नव्हतं आपण काय विकतोय ते!

नुसत्या एसओएचवर पण जाऊ नका. आत शेकडो सेल असतात आणि अख्खा पॅक त्यातल्या सगळ्यात मरतुकड्या सेलच्या तालावर चालतो. रिपोर्टमध्ये किंवा ॲपमध्ये सेलच्या व्होल्टेजमधला फरक दिसतो, तो गाडी उभी असताना दहा-वीस मिलिव्होल्ट असेल तर काळजी नसते, पण चार्ज कमी असताना आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा खोल जात असेल तर तो पुढे त्रास देणार. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली बॅटरी असेल तर अजून एक गंमत, तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं त्यामुळे गाडीलाच आपला चार्ज नीट मोजता येत नाही, अधूनमधून 100 पर्यंत भरून तिला जागेवर आणावं लागतं. तसं केलेलं नसेल तर टक्केवारी एकदम गडगडताना दिसते आणि बॅटरी खराब नसताना माणूस घाबरतो.

बॅटरीच्या काड्या दाखवणाऱ्या गाड्यांबद्दल तर स्पेशल सांगायला पाहिजे. निसान लीफ 2010 च्या डिसेंबरपासून रस्त्यावर आहे, तिच्यात तब्येतीच्या 12 काड्या असतात, आणि पहिली काडी जाते तीच मुळात साधारण 15 टक्के क्षमता गेल्यावर. म्हणजे बाराच्या बारा काड्या असलेली गाडी 99 टक्क्यांची असेल नाहीतर 86 ची. वर काहीजण सर्व्हिसच्या कॉम्प्युटरवरून ती मोजणी रीसेट करतात, काड्या परत उजळतात, आणि नव्या मालकाने थोडी चालवली की एकेक गळायला लागतात. लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, त्यामुळे गरम हवेत वापरलेल्या जुन्या लीफना हे जास्तच लागू. आणि या लीफना फास्ट चार्जिंगचा पोर्ट चाडेमो नावाच्या पद्धतीचा आहे, बऱ्याच ठिकाणी नवे चार्जर सीसीएस या दुसऱ्या पद्धतीचेच बसतायत, तेव्हा रोजच्या रस्त्यावर काय आहे ते आधी बघा.

रिकॉलचं उलटं आहे. शेवरोले बोल्टच्या 2017 ते 2022 च्या गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या, सेलमधला ॲनोडचा (एका इलेक्ट्रोडचा) टॅब फाटलेला आणि दोन इलेक्ट्रोडना वेगळं ठेवणारा पडदा, म्हणजे सेपरेटर, दुमडलेला असे दोन दोष एकाच सेलमध्ये जुळून आले तर भडका. ऐकून लोक पळतात, पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नवी बॅटरी मिळाली, म्हणजे गाडी जुनी आणि बॅटरी तिच्यापेक्षा तरुण! त्यामुळे "या गाडीवर रिकॉल होता का" एवढंच विचारू नका, "काम झाल्याचा कागद कुठाय" ते विचारा. इथे या प्रश्नावर सेल्समन म्हणाला आमच्या गाड्यांना रिकॉल नसतात. असो. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर मीच बघितलं, काही पेंडिंग नव्हतं.

वॉरंटीवर पण असंच गुळमुळीत. "आठ वर्षांची आहे मॅडम." हो, पण ती गाडी पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासून, मी घेतेय त्या दिवसापासून नाही. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते, असं देतात आणि बॅटरी 70 टक्क्यांच्या खाली गेली तरच हात लावतात. 72 वर असलेली बॅटरी तुमच्या दृष्टीने कितीही रडकी असली तरी कंपनीच्या दृष्टीने ती ठणठणीत. दुसऱ्या मालकाला वॉरंटी लागू होते का, सर्व्हिस चुकली असेल तर काय, हे पुस्तिकेत वाचा, तोंडी काही ऐकू नका. आणि युरोपात काही गाड्यांची बॅटरी गाडीसोबत विकलेलीच नसायची, रेनॉ झोईच्या कितीतरी गाड्या बॅटरी भाड्याने घेऊन चालायच्या, तशी गाडी असेल तर बॅटरी कोणाच्या नावावर आहे ते आधी.

आता लिफ्ट. गाडी वर चढवून दाखवा म्हटल्यावर कुरकुर न करता चढवली, याचाच तो अर्धा स्टार. खालून बघितलं तर बॅटरीच्या पेटीच्या कडेला, जॅक लावायच्या जागेपासून वीतभर आत, गोल दाबलेली खूण. कोणीतरी पंक्चर काढताना जॅक चुकीच्या जागी लावलेला. मेकॅनिकने बोट फिरवून बघितलं, पत्रा चिरला नव्हता, सील शाबूत होतं, कूलंट ओघळल्याचे डाग नव्हते, म्हणाला वरवरचं आहे. मी तरी ते सर्व्हिस सेंटरच्या रिपोर्टमध्ये लिहून घ्यायला लावलं, उद्या वॉरंटीत गेल्यावर "खालून मार लागलाय" म्हणून हात वर करायला कारण नको.

बाकी पटापट. टायर लवकर झिजतात या गाड्यांचे कारण वजन जास्त आणि टॉर्क पहिल्या क्षणापासून, आतली कड हाताने चाचपून बघा. ब्रेक पॅड मात्र टिकतात, उलट ब्रेक फार वापरलाच जात नाही म्हणून डिस्क गंजतात, याच्या होत्याच. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सस्पेन्शनचा खडखडाट आणि गिअरबॉक्सची घरघर सरळ ऐकू येते, म्हणून सेल्समनने गाणी लावली की आधी ती बंद करायला सांगा. चार्जिंग पोर्टच्या पिना टॉर्च मारून बघा, काळवंडलेली किंवा वितळलेली पिन दिसली की विषय संपला. फास्ट चार्जरवर एकदा तरी लावून बघा, चार्ज कमी असताना, कारण 80 च्या पुढे सगळ्याच हळू होतात आणि काही कळत नाही. एसी नीट गार करतो का बघा, लिक्विड कूलिंगवाल्या बऱ्याच गाड्यांत तोच एसी बॅटरीलाही गार ठेवतो, गॅस कमी असला तर फास्ट चार्जिंग पण मंदावतं. आणि ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी विसरू नका, ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ती बदलून दिली.

डिलिव्हरीच्या वेळी कळलं की ॲपमध्ये गाडी अजून जुन्या मालकाच्याच अकाउंटला जोडलेली आहे, म्हणजे माझी गाडी कुठे उभी आहे हे त्या माणसाला घरबसल्या दिसणार आणि लॉक पण उघडता येणार. शोरूममध्ये कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मॅनेजरनी फोनाफोनी करून ते काढून घेतलं, मी समोर बसून फॅक्टरी रीसेट करून घेतलं आणि मगच सही केली. या एका मॅनेजरमुळे स्टार तीनच्या वर गेलेत हे त्या शोरूमने लक्षात ठेवावं.

गाडी मस्त चालतेय. सोबत मिळायची घरची चार्जिंग केबल मात्र अजून "उद्या देतो मॅडम" वरच आहे, मिळाली की पाव स्टार वाढवते.