युरोपियन संसदेचं थेट प्रक्षेपण: सभा चालवणाऱ्यांनी कसं बघावं

युरोपियन संसदेचं अधिवेशन तिच्या मल्टिमीडिया सेंटरच्या संकेतस्थळावर थेट दिसतं. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, जुन्या बैठकाही तिथेच सापडतात. ७२० सदस्य, २७ देश, २४ अधिकृत भाषा आणि हे सगळं सांभाळायला खुर्चीवर एक माणूस. पीठासीन अधिकाऱ्याचं काम नेमकं काय असतं, हे शिकायला याहून चांगली जागा फुकटात मिळणं कठीण आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा चालवणारे, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, अभिरूप संसदेची तयारी करून घेणारे शिक्षक, विधिमंडळाचं वार्तांकन करणारे पत्रकार, सगळ्यांनाच यातून घेण्यासारखं आहे. फक्त दोन गोष्टी जमवायला लागतात: योग्य आवाज निवडायचा आणि शेजारी योग्य कागद उघडा ठेवायचा. त्याशिवाय बघायला बसलात तर पंधरा मिनिटांत बंद कराल.

आधी वेळ. वर्षाला बारा अधिवेशनं स्ट्रासबर्गला होतात, प्रत्येकी सोमवार ते गुरुवार. मधूनमधून ब्रसेल्सला छोटी बैठक भरते. सोमवारी कामकाज संध्याकाळी पाचला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळापत्रकात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. मंगळवार-बुधवारी सकाळी नऊला बसतात आणि मतदान साधारण दुपारी बाराच्या सुमारास असतं. आपल्याकडे तेव्हा साडेतीन ते पाचच्या मधली वेळ असते. ऑगस्टमध्ये सभा नसते.

आता आवाज, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्लेअरमध्ये २४ भाषांची यादी येते आणि तिच्याशिवाय ‘मूळ’ असा वेगळा पर्याय असतो. आपण सवयीने इंग्रजी निवडतो. विषय समजायला ते ठीक आहे, पण अध्यक्षांचं काम बघायचं असेल तर ती निवड दिशाभूल करते. दुभाषी वक्त्याच्या काही सेकंद मागे असतो. अध्यक्षांनी माइक बंद केला तरी दुभाष्याचं वाक्य चालूच राहतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, या सदस्याला जास्तीचा वेळ दिला. प्रत्यक्षात वेळेवर तोडलेलं असतं. त्यात पुन्हा सगळ्या भाषांमधून सगळ्या भाषांमध्ये थेट भाषांतर होत नाही. २४ भाषांच्या ५५२ जोड्या होतात, तेवढ्या जोड्यांसाठी माणसं बसवणं शक्य नाही. एस्टोनियन समजणारं कोणी पोर्तुगीज दुभाष्यांच्या बूथमध्ये नसेल तर भाषण आधी इंग्रजीत येतं आणि त्या इंग्रजीवरून पोर्तुगीजमध्ये जातं. म्हणून एखाद्या कोटीवर सभागृहात हशा दोन लाटांत उठतो.

मूळ आवाज लावला की खरी गंमत कळते. प्रश्न विचारल्यावर अध्यक्ष लगेच पुढे जात नाहीत, क्षणभर थांबतात. समोरच्या प्रत्येकाच्या कानापर्यंत त्याच्या भाषेतला प्रश्न पोचायला तेवढा अवधी लागतो. नवखा उपाध्यक्ष खुर्चीत असेल तर हा थांबा कमी पडतो आणि लगेच कोणीतरी हात वर करून सांगतं की आमचं भाषांतर अजून संपलेलं नाही. एका भाषेतल्या सभेतही हा थांबा हवाच असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. आमची शिफारस अशी: दहा मिनिटांचा तुकडा आधी इंग्रजीत ऐका, मग तोच मूळ आवाजात, हातात घड्याळ घेऊन.

भाषणं भरभर होण्याचं कारणही घड्याळच आहे. चर्चेचा वेळ राजकीय गटांना वाटला जातो. एक हिस्सा सगळ्या गटांना सारखा, उरलेला सदस्यसंख्येच्या प्रमाणात. गट म्हणजे किमान सात देशांतले किमान २३ सदस्य. एवढ्या वाटेकऱ्यांत सामान्य सदस्याच्या वाट्याला बऱ्याचदा एकच मिनिट येतं. तो दीड मिनिटाचा मजकूर लिहून आणतो आणि धडाधड वाचतो. मग दुभाष्यांचा श्वास अडकतो आणि अध्यक्षांना ‘सावकाश’ म्हणावं लागतं. चांगला पीठासीन अधिकारी हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगतो. शेवटी सांगून उपयोग नसतो, तोवर अर्धं भाषण भाषांतरातून गळालेलं असतं.

निळं कार्ड हा इथला खास प्रकार आहे, आणि आपल्याकडच्या सभांनी उचलावा असा आहे. चालू वक्त्याला प्रश्न विचारायचा असेल तर सदस्य निळं कार्ड वर धरतो. वक्ता तयार असेल आणि अध्यक्षांना कामकाज बिघडणार नाही असं वाटलं, तरच परवानगी मिळते. प्रश्नाला अर्धं मिनिट, उत्तराला अर्धं मिनिट. कार्ड दाखवून अनेकजण प्रश्नाऐवजी भाषणच सुरू करतात. तिथे अध्यक्ष काय करतात ते बघा. कसलेले अध्यक्ष पंधराव्या सेकंदाला ‘आपला प्रश्न?’ एवढंच विचारतात. नियोजित वक्ते संपल्यावर आयत्या वेळी हात वर करणाऱ्यांना एकेक मिनिट देण्याचीही पद्धत आहे. त्यात कोणाला घ्यायचं हे अध्यक्षांच्या हातात असतं आणि गट व देश यांचा तोल त्यांनाच राखावा लागतो.

हरकतीच्या मुद्द्याला एक मिनिट मिळतं. त्यावर अध्यक्ष तिथल्या तिथे निर्णय देतात. अपवादाने राखून ठेवता येतो, पण २४ तासांच्या वर नाही. निर्णयावर मतदान होत नाही. हरकतीच्या नावाखाली राजकीय भाषण सुरू झालं तर ‘कोणत्या नियमाखाली?’ हा प्रश्न पहिल्या वाक्यालाच यायला हवा. अध्यक्षांना स्वतःला चर्चेत भाग घ्यायचा असेल तर खुर्ची सोडावी लागते आणि त्या विषयावरची चर्चा संपेपर्यंत परत बसता येत नाही. आपल्या कितीतरी संस्थांमध्ये अध्यक्ष खुर्चीवरूनच वादात उतरतात आणि मग सभा हाताबाहेर गेली म्हणतात. त्यांनी हा एक नियम तरी घ्यावा.

गोंधळ झाला तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा समज आणि तिची इतिवृत्तात नोंद, त्यानंतर बोलण्याचा हक्क काढून घेऊन उरलेल्या बैठकीसाठी बाहेर. प्रकार फारच गंभीर असेल तर थेट बाहेर. ११ ऑक्टोबर १९८८ ला पोप जॉन पॉल दुसरे भाषण करत असताना उत्तर आयर्लंडचे सदस्य इयान पेझ्ली ओरडू लागले, तेव्हा अध्यक्ष लॉर्ड प्लम्ब यांनी त्यांना बाहेर काढवलं होतं. सगळ्यात साधा आणि परिणामकारक उपाय मात्र वेगळाच आहे: अध्यक्षांचा आवाजच ऐकू येईनासा झाला तर ते खुर्चीवरून उठतात. उठले की बैठक आपोआप थांबते. हातोडी आपटत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रेक्षकाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. २०१७ पासून लागू झालेल्या बदलांनुसार, सदस्याची भाषा किंवा वागणं बदनामीकारक, वंशद्वेषी किंवा परकीयद्वेषी असेल तर अध्यक्षांना थेट प्रक्षेपण मध्येच थांबवता येतं. पडदा अचानक रिकामा झाला तर दर वेळी दोष आपल्या इंटरनेटचा नसतो.

मतदान हा या प्रक्षेपणाचा गाभा आहे, आणि कागद इथे लागतो. मतदानाच्या निकालांचा तक्ता संसदेच्या संकेतस्थळावर त्या बैठकीच्या इतिवृत्ताबरोबर मिळतो. मतदान थेट न बघता दुसऱ्या दिवशी हा तक्ता शेजारी ठेवून बघावं. रांगेत उपसूचनेचा क्रमांक, ती कोणी दिली, मतदान कोणत्या प्रकारे झालं आणि पुढे खूण: अधिक म्हणजे मंजूर, उणे म्हणजे नामंजूर, खाली वळलेला बाण म्हणजे बाद. हा बाण समजला की निम्मी कार्यपद्धती समजली. मूळ मसुद्यापासून सगळ्यात लांब जाणारी उपसूचना आधी मतास टाकतात. ती मंजूर झाली की तिच्याशी न जुळणाऱ्या बाकीच्या उपसूचनांवर मतदान होतच नाही, त्या गळतात. आपल्याकडच्या सभेत नेमकं उलटं होतं: आधी सौम्य उपसूचना मंजूर करतात, मग कडक उपसूचना येते आणि दोन परस्परविरोधी ठराव इतिवृत्तात शेजारी शेजारी बसतात.

नियमानुसार मतदान हात वर करून होतं आणि निकालाबद्दल शंका आली तर यंत्रावर घेतलं जातं. नावनिशीवार मतदान हवं असेल तर एखाद्या गटाने किंवा एकूण सदस्यांच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे आजच्या संख्येत ३६ जणांनी, आधी मागावं लागतं. मग प्रत्येकाचं मत नावासकट प्रसिद्ध होतं. समसमान मतं पडली तर प्रस्ताव सहसा नामंजूर. अध्यक्षांना निर्णायक मत नाही. लोकसभेच्या आणि आपल्या विधानसभेच्या अध्यक्षांना ते राज्यघटनेने दिलेलं आहे, त्यामुळे हा फरक मराठी प्रेक्षकाला पटकन टोचतो. गणपूर्तीतही फरक आहे. लोकसभेत एक दशांश सदस्य लागतात, इथे एक तृतीयांश, म्हणजे २४०. पण किमान ४० सदस्यांनी मागणी केल्याशिवाय मोजणी होत नाही आणि झालेलं मतदान वैध राहतं. म्हणून पडद्यावर रिकामी बाकं दिसली तरी नियमभंग समजू नका.

आयत्या वेळची तोंडी उपसूचना आली की काय होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. सदस्य उठून दोन-तीन शब्दांचा बदल वाचतो. अध्यक्ष विचारतात, कोणाचा विरोध आहे का? विरोध असणारे नुसते उभे राहतात, बोलत नाहीत. किमान ४० जण उभे राहिले तर ती मतास टाकली जात नाही. अध्यक्षांची नजर बाकांवरून डावीकडून उजवीकडे फिरते, मागे बसलेला सचिवालयाचा माणूस पुटपुटतो, आणि निर्णय येतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. आधी मसुदा सगळ्या भाषांमध्ये तयार नसल्यामुळे ही अट लागते. ज्याच्या भाषेत मजकूर नाही त्याने कशावर मत द्यायचं?

चूक कुठे होते, याचा सगळ्यात मोठा धडा २६ मार्च २०१९ चा आहे. कॉपीराइट कायद्यावरच्या उपसूचना स्वतंत्रपणे मतास टाकायच्या का, असा आधी प्रश्न होता. बाजूने ३१२, विरुद्ध ३१७. पाच मतांनी मागणी फेटाळली गेली आणि मग संपूर्ण कायदा ३४८ विरुद्ध २७४ ने मंजूर झाला. नंतर काही सदस्यांनी आपण चुकीचं बटण दाबल्याची दुरुस्ती नोंदवली. त्या दुरुस्त्या धरल्या असत्या तर पहिला निकाल उलटला असता. पण अशी दुरुस्ती इतिवृत्तात जाते, जाहीर झालेला निकाल बदलत नाही. मतदानाचा क्रम बदलल्याने गोंधळ झाला, असं त्यांतल्या काहींचं म्हणणं होतं. दोष कोणाचाही असो, खुर्चीवर बसणाऱ्याने यातून एक सवय लावून घ्यावी. ‘अमुक क्रमांकावर मतदान’ एवढं पुरेसं नाही. ‘हो म्हणजे स्वतंत्र मतदान, नाही म्हणजे थेट मसुद्यावर’ असं दोन्ही बाजूंनी उच्चारायचं, थांबायचं, मगच यंत्र सुरू करायचं.

सेवेतल्या उणिवाही आहेत. कॅमेरा बोलणाऱ्यावर खिळलेला असतो. अध्यक्षांकडे कोण चिठ्ठी घेऊन गेलं, निळं कार्ड किती जणांनी दाखवलं आणि किती जणांना नाकारलं, हे क्वचितच दिसतं. अध्यक्षपदाचा अभ्यास करणाऱ्याला हेच तर हवं असतं. अध्यक्षांवर कायम रोखलेला दुसरा कॅमेरा प्रेक्षकाला निवडता आला तर ही सेवा बिनतोड होईल. दुसरी उणीव शब्दशः वृत्तांताची. तो प्रत्येक भाषण ज्या भाषेत झालं त्याच भाषेत छापतो, भाषांतर करत नाही. एका पानावर सलग पोलिश, ग्रीक, फिनिश वाचणं आपल्याला शक्य नाही, म्हणून ध्वनिचित्रफितीकडेच परत यावं लागतं. तिथे मात्र वक्त्यांच्या यादीतून थेट त्या भाषणावर जाता येतं आणि हवा तो तुकडा उतरवून घेता येतो. ही सोय उत्तम आहे.

अध्यक्षांव्यतिरिक्त १४ उपाध्यक्ष पाळीपाळीने बसतात, आपल्याकडच्या तालिका अध्यक्षांसारखे. विद्यमान अध्यक्ष रोबेर्ता मेत्सोला जुलै २०२४ मध्ये ५६२ मतांनी पुन्हा निवडून आल्या. महत्त्वाच्या मतदानाला बहुतेकदा त्याच असतात. सुरुवातीला एखाद्या मंगळवारचं दुपारचं मतदान त्यांच्या अध्यक्षतेखालचं घ्या, मग त्याच रात्रीची अर्ध्या रिकाम्या सभागृहातली चर्चा एखाद्या उपाध्यक्षाची घ्या. दोन्हीत मूळ आवाज ठेवा आणि ‘मतदान सुरू’ ते ‘मतदान बंद’ यांच्यातले सेकंद कागदावर मांडत जा.